बंद दारातला होकार

आमच्या गावाने बँकेवर मोर्चा नेला तो रविवारी. हे ऐकून लोक हसतात, हसोत बापडे. रविवारी बँक बंद असते हे आम्हालाही ठाऊक होतं. पण देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला, तेव्हा सोमवार म्हणा, बुधवार म्हणा, डावीच पाकळी पडत गेली. डावी म्हणजे नाही. रविवार म्हटल्याबरोबर उजवी पडली. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी कपाळाला हात लावला. बंद दाराला काय घोषणा ऐकवायच्या, असं त्यांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान सासऱ्यांचा होता. ते म्हणाले, "देवीन सांगलां म्हणटकच कायतरी आसतलां." झालं, विषय संपला.

माझं माहेर चोपड्याचं, समुद्राजवळच्या नदीकाठचं. डोळ्यांसमोर एवढं पाणी, पण उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. लग्न होऊन डिचोलीकडच्या या गावात आले आणि परसामागची झर पाहिली. नवऱ्यापेक्षा मला तीच जास्त आवडली, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. डोंगराच्या पोटातून यायची, दगडी पन्हळीतून पडायची आणि पुढे आमच्यासकट सगळ्यांची कुळागरं, नारळी-पोफळीच्या बागा, भिजवत जायची. नव्या सुनेने झरीचं पहिलं पाणी ओंजळीनेच प्यायचं, भांडं लावायचं नाही, अशी इथली रीत. मी प्याले तेव्हा सासरे शेजारी उभे होते. "आतां तू ह्या उदकाची," ते म्हणाले. मला रडू आलं होतं, का ते मलाच कळलं नाही.

घटक राज्य व्हायच्या आधीची ती वर्षं. मराठी की कोंकणी यावरून सख्खे शेजारी एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकत नव्हते. आणि आजूबाजूचे डोंगर एकेक करून बसके होत चालले होते. खाणीची तांबडी धूळ खिडकीच्या फटीतून आत यायची, पोदेराने आणलेल्या उंड्यावर, म्हणजे पावावर, बसायची, दुपट्यावर बसायची. आमचा डोंगर तेवढा शाबूत होता. कंपनीला तो हवा होता आणि कंपनीच्या पाठीशी एक मोठी बँक होती.

आता माझी करणी सांगते. मोर्च्याच्या आदल्या वर्षी कंपनीचा एक माणूस इस्त्रीचे कपडे घालून आमच्या ओसरीवर आला. डोंगराच्या पायथ्याने ट्रकसाठी रस्ता हवा, डोंगर गावाचा म्हणून गावच्या पाच मानकऱ्यांची संमती हवी, असं त्याचं म्हणणं. कागद इंग्रजीत होता. मी मॅट्रिक पास, अख्ख्या वाड्यावर इंग्रजी येणारी सून मी एकटीच, आणि मला त्याचा तोरा केवढा! सासऱ्यांनी विचारलं, "काय बरयलां गो हातूंत?" मी पहिलं पान वाचलं. त्यात रस्त्याचं होतं. पुढची तीन पानं मला धड कळली नाहीत, पण तसं कबूल करायला जीभ रेटली नाही. "रस्त्याचंच आहे सगळं," मी म्हटलं. पाच म्हाताऱ्यांनी अंगठे उठवले, पहिला सासऱ्यांचा. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली आणि ऐटीत तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

वर्षभराने गावात बोंब झाली की डोंगर बँकेकडे तारण पडलाय. कंपनी त्याच्यावर पैसा उचलणार, डोंगर फोडणार, आणि बुडालीच तर डोंगर बँकेचा. गावातल्या कुणी फितुराने कागद दिला म्हणे. पोरांनी कचेरीतून त्या कागदाची प्रत मिळवली. ती वकिली इंग्रजी त्यांनाही उलगडेना, मग वाचायला कुणाकडे आणली, तर माझ्याकडे. शेवटचं पान उलटलं. पाच अंगठे आणि त्यांच्याखाली दोन रेघांची सही. "शिक्क्यांखाली काही वाचता येत नाही," असं सांगून मी प्रत घडी घालून परत दिली. खोटं बोलायची मला सवय होती असं नाही, पण त्या दिवशी ते पटकन जमलं.

तर रविवार. मराठीवाले आणि कोंकणीवाले कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा एका ट्रकमध्ये बसून डिचोलीला आले. ऊन टळटळीत, बाजार बंद. नेहमी मासळीवाल्यांच्या पायात घुटमळणारी कुत्रीसुद्धा कुठे दिसेनात. बँकेची लोखंडी जाळी ओढलेली, आतलं लाकडी दार बंद. तिथला वॉचमन बेळगावकडचा, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून तो आमच्यातच येऊन बसला आणि आमचाच चहा प्याला. पोरांनी घोषणा दिल्या. त्या समोरच्या भिंतीवर आपटून परत आल्या आणि सगळे जरा ओशाळून गप्प झाले.

मग सासरे उठले. उंबऱ्यावर कुंकू लावलेला नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. शिवेवरच्या राखणदाराला हाक मारली, झरीच्या देवतेला मारली. "ज्या हातान आमच्या डोंगराचो कागद ह्या दारात दिलो, तो हात घरचो आसूं, भायलो आसूं, त्याच्या ओंजळीत उदक रावूं नये, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. एकजण जरी गप्प राहिला तरी गाऱ्हाणं फुकट जातं, हे इथे पोराटोरांनाही माहीत. माझ्या शेजारणीने मला कोपराने ढोसलं. मीही म्हटलं.

आमचा आवाज विरला आणि मग बंद दाराच्या आतून एक आवाज आला. "व्हय."

रागाचा नव्हता. मोठाही नव्हता. घरात कुणीतरी स्वयंपाक करता करता ओ द्यावी, तसा. मी वॉचमनकडे पाहिलं. त्याची चहाची बशी कलंडली होती आणि एक हात किल्ल्यांवर गच्च धरलेला होता. "आत कोणी न्हाई," तो म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

सोमवारी बँक उघडलीच नाही. कारकून आसपासच्याच गावांतले, त्यांना नारळ ओलांडायची छाती होईना. गाऱ्हाण्याचा नारळ ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा असतो. मॅनेजर परप्रांतातला होता. त्याने शिपायाला उचलायला सांगितलं तर शिपायाने रजेचा अर्ज दिला. मंगळवारी कंपनीचे ट्रकवाले कामावर आले नाहीत. कोल्हापूरकडचे ते ड्रायव्हर, त्यांना आमची भाषा अर्धी कळायची, पण नारळ पुरा कळला. मुंबईहून पांढऱ्या गाडीतून मोठे साहेब आले. त्यातल्या एकाने नारळ ओलांडायला बुटाचा पाय उचलला, घटकाभर तसाच धरला आणि जिथल्या तिथे खाली ठेवला. पेपरवाले रोज येऊन फोटो काढत होते.

आणि इकडे माझी वेगळीच गत. सोमवारी सकाळी मी झरीवर तोंड धुवायला गेले. ओंजळ धरली, पाणी आलं आणि गेलं. बोटं घट्ट मिटली, पुन्हा धरली. गेलं. तळव्याला नुसती ओल राहायची. शेजारीण बाजूला खुशाल चुळा भरत होती. तेव्हापासून मी कोपाने, म्हणजे पेल्याने, पाणी पिऊ लागले आणि कुणी बघत असलं की झरीकडे फिरकेना.

दहाबारा दिवसांनी बातमी आली. बँकेने आमचा डोंगर तारणातून सोडला. पेपरात अब्रू जात होती म्हणून, असं काहीजण म्हणाले, कोर्टाची भीती म्हणून, असं काहीजण. सासरे दुसऱ्या दिवशी नारळ उचलायला जाणार होते. दुपारी ते अंगणात सुपारी सोलत बसले होते. मी जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, तो हात माझा होता."

त्यांनी सुपारीवरून नजर काढली नाही. "माका खबर आसा."

"कशी?"

"पोरांनी ती प्रत माकाय दाखयल्ली. माका वाचूंक येना. पूण दोन रेघो कळतात. आनी तुझ्या सहीच्या वयर माझो अंगठो आसा मगो."

मग मला राग आला. त्या माणसाचा खरंच राग आला. ठाऊक होतं तर असलं गाऱ्हाणं घातलंतच कशाला, असं मी अद्वातद्वा बोलले. सासऱ्याशी तसं बोलायची ती पहिली आणि शेवटची वेळ. ते सुपारी सोलत राहिले. शेवटी म्हणाले, "आपल्या मनशांक वगळून मागल्यार देव आयकता व्हय गो?" आणि हातातली सुपारी खाली ठेवून, "आतल्यान होकार आयलो तो परत फिरना. कोणी तरी तो आंगार घेवंकच जाय. आतां पाय धू आनी जेव."

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. लोक लांब उभे होते. लाकडी दार सताड उघडं, आत अंधार, टेबलं धुळीने तांबडी. वॉचमन बाहेरूनच कुलपं काढून रस्त्यापलीकडे जाऊन उभा. सासरे उंबऱ्याशी वाकले. मी त्यांच्या पाठीशीच होते म्हणून शब्द ऐकू आले. "दोन ओंजळींचो भार एका ओंजळीर घाल, म्हाराजा. म्हाताऱ्याच्या." त्यांनी कुणाला 'व्हय' म्हणायला सांगितलं नाही. तरी आतून आलं. या खेपेला अगदी हळू.

त्या दिवसापासून त्यांच्या हातात पाणी ठरेना. हात कापतात, वयच झालं, असं म्हापशाचा डॉक्टर म्हणाला. असेलही. आचमनाचं पाणी मनगटावरून ओघळायचं. जेवताना मी कोप त्यांच्या तोंडाला लावायची. ते हसायचे. "गळता तें डोंगराकच पावता," म्हणायचे. मला हसता यायचं नाही. माझी स्वतःची ओंजळ मी त्यानंतर कधी धरून पाहिली नाही, भीतीच वाटायची. न पाहिलेलं बरं, अशी मी मनाची समजूत घालत होते.

तीन वर्षांनी ते गेले, सकाळच्या वेळी, सगळे भोवती असताना. मी तुळशीपानाने पाणी घातलं. ते ओठांच्या कडेने उशीवर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा आलं. नवऱ्याने माझा हात धरून बाजूला घेतला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी झरीवर गेले. पन्हळीतून पाणी पहिल्यासारखंच पडत होतं. मग ओंजळ धरली.

ती भरली. काठोकाठ भरली आणि तशीच राहिली. मी बोटं सैल केली, तरी एक थेंब खाली गेला नाही. ती भरलेली ओंजळ तशीच धरून मी दगडावर बसले आणि हमसून हमसून रडले.