त्याला म्हनावं

समुद्र कधीच न पाहिलेल्या घरातून मी, समुद्र कसे उघडतात यावर पीएचडी केली. शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावात त्याचं फारसं कौतुक झालं नाही. "नोकरी लागंल ना त्याच्यावर?" एवढंच आईनं विचारलं.

काकांना मात्र विषय आवडला आणि तिथंच घोळ झाला. बाबांच्या आणि काकांच्या शेतात एक बांध. काका दर नांगरटीला तो आपल्या बाजूनं थोडा कोरत, वरची माती पलीकडं लोटत, आणि बांध बाबांच्या रानात सरके. त्यावरून दोघांनी बोलणं टाकलं. भिंत एक, अंगण एक, चहाची वेळही एक. बोलणं मात्र माझ्या तोंडून. "त्याला म्हनावं, शेळी तुरीत शिरली." मी ते समोरच बसलेल्या काकांना सांगायची. काका ऐकलेलंच पुन्हा ऐकून घेत आणि म्हणत, "त्याला म्हनावं, हाकलली." घराण्यातली पहिली डॉक्टर मी, आणि काम पोस्टमनचं.

एका सुट्टीत काकांनी माझ्या अभ्यासाची चौकशी केली. मी सांगितलं, अंदमानकडं जमिनीत एक लांबलचक भेग आहे. तिच्या दोन बाजू वरखाली होत नाहीत, एकमेकींना घासत उलट दिशांना सरकतात. भेग जिथं वळण घेते तिथं मधली जमीन ताणली जाते, खचते, पाणी शिरतं. लाखो वर्षांनी तिथं समुद्र होतो.

"बराबर!" काकांनी मांडीवर थाप मारली. "त्याला म्हनावं, जमीनच सरकून राहिली. मी काहून कोरू?"

"त्याला म्हनावं," बशीतून नजर न काढता बाबा म्हणाले, "ती नांगरटीलाच काहून सरकती? अन् दरसाली माझ्याच अंगावर?"

असे निरोप पोचवताना मला हसू येई आणि संतापही येई. बाबांची छाती अलीकडं दुखायची. दोघांतला एक गेला तर उरलेला कुणाला काय म्हणायला लावणार, याची मला धास्ती वाटायची.

आमच्या भागात जमिनीतून अधूनमधून गुडगुड ऐकू येते, त्याची सवय झालेली. पण त्या सकाळी आवाजाबरोबर घरही हललं. मांडणीवरची पातेली खाली आली. आई आणि मी अंगणात पळालो. बाबा न्हाणीत होते. काका अनवाणी धावत आले. "दादा! दादा, बाहीर ये!" ओरडत ते आमच्या घरात घुसले आणि ओल्या पंच्यातल्या, खांद्यावर टॉवेल टाकलेल्या बाबांना दंडाला धरून बाहेर घेऊन आले.

हादरा थांबला. उंबऱ्याला ठेचकाळून काकांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. ते पाहून बाबा सवयीनं माझ्याकडं वळले. "त्याला म्हनावं, लई लागलं का?"

मी तोंड मिटून उभी राहिले. बाबांनी जरा वाट पाहिली. मग खांद्यावरचा टॉवेल काढून ते काकांच्या पायाशी बसले.

"लई लागलं का रे?"

साठीचे काका लेकरासारखे रडायला लागले. "न्हाई, दादा," म्हणाले.