टेकडीवरच्या कोऱ्या काचा

हवामान केंद्रात तिला सगळे मीठबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. बारा वर्षं ती एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागली होती: लाट फुटली की उडालेले थेंब जातात कुठे? मोठे थेंब लगेच खाली पडतात. बारीक थेंब वाळून मिठाचे कण होतात आणि वाऱ्याबरोबर गावभर हिंडतात. मीठबाईने समुद्रालगतच्या हवेचे संगणकात चौकोनी तुकडे पाडले होते. कुठल्या तुकड्यात किती कण शिरले, किती निसटले, किती खाली बसले, याचं गणित ती मांडे. त्याला ती ‘माझं मॉडेल’ म्हणे, आणि त्याला कुणी नावं ठेवलेली तिला खपत नसत.

वीज खात्याला टेकडीवर नवं उपकेंद्र उभारायचं होतं. एवढ्या उंचावर मीठ कुठलं पोचतंय, असं सगळेच धरून चालले होते. मॉडेल म्हणत होतं, पोचतं, आणि चांगलं भरपूर पोचतं. तारांच्या चिनी मातीच्या आधारांवर मीठ साचलं की दमट हवेत वीज उडी मारते, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. तिचा दादा लाइनमन होता. किनाऱ्यावरच्या खांबावर अशाच एका ठिणगीने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती. आणि आता या पठ्ठ्याने टेकडीवरच्या होऊ घातलेल्या उपकेंद्रात बदली मागून घेतली होती.

“तिथे तरी तुझं मीठ नाही ना,” तो म्हणाला. “तुझ्याच काचा सांगतायत.”

खोटं नव्हतं ते. पडताळणीसाठी तिने टेकडीवर पाटीएवढ्या तीन काचा लावल्या होत्या. दर सोमवारी त्या उतरवून नव्या लावत, आणि महिनाभर उतरवलेली प्रत्येक काच कोरी करकरीत. केंद्राचे साहेब वैतागले होते.

“शुक्रवारी बैठक आहे, मीठबाई. मी तिथे दाखवू काय?”

“मॉडेल दाखवा.”

“आणि काचा?”

“त्यांच्याकडे मी बघते.”

आवाज ठाम होता, पण डोक्यात दादाची बदली घोळत होती. मॉडेल चुकलं असतं तर तिने मान्य केलं असतं. पण किनाऱ्यावर, पुलावर, बंदरात ते तंतोतंत जुळलं होतं. टेकडीनेच काय घोडं मारलं होतं?

गुरुवारी सकाळी, कुणाला न कळवता, ती टेकडी चढली. वर उपकेंद्राच्या जागेचा चौकीदार बाह्या सरसावून काच घासत होता. तोंडाची वाफ देऊन, कोपऱ्याकोपऱ्यातून.

“काका, हे काय करताय?”

“तुम्हीच सांगून गेलात की. काचा स्वच्छ राहिल्या पाहिजेत म्हणून. रोज पुसतो, एक दिवस चुकवला नाही.”

मीठबाईने कपाळाला हात लावला. सांगितलं होतं खरंच. काचांना कुणी बोटं लावू नयेत, एवढंच तिला म्हणायचं होतं. चौकीदाराने बोट लावलं नव्हतंच, फडकं लावलं होतं.

“आणि फडकं धुता कधी?” तिने जीव मुठीत धरून विचारलं.

चौकीदार दुखावला. “सरकारी काचांचं वेगळं फडकं आहे, बाई. धुतलं की त्याचे धागे सुटतात आणि काचेवर रेघा उमटतात. महिनाभर डब्यात जपून ठेवलंय, दुसऱ्या कशाला लावलं नाही.”

तिने त्याला वाकून नमस्कारच केला. तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

दुपारी प्रयोगशाळेत तिने ते फडकं शुद्ध पाण्यात पिळलं, पाणी गाळलं, आटवलं, मीठ तोललं. मॉडेलच्या आकड्यापेक्षा जेमतेम दहावा हिस्सा कमी भरलं. तेवढं तर चौकीदाराच्या बाह्यांना लागलं असेल. शुक्रवारी साहेबांनी बैठकीत फडकंच टेबलावर ठेवलं, आणि उपकेंद्राची जागा टेकडीमागे, पार आतल्या माळावर सरकली.

संध्याकाळी तिने दादासमोर एक काचेची वाटी ठेवली. तळाशी पांढुरका थर होता. त्याने डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांपैकी एक त्यात टेकवलं आणि जिभेला लावलं.

“मीठ नाही म्हणून मी तिथे हातमोजे न घालताच चढलो असतो गं,” तो म्हणाला.