प्रज्ञाचा ताप

करडी गावाच्या स्टॉपवरून एसटी सुटली तेव्हा माझी तीन वर्षांची प्रज्ञा माझ्या धाकट्या भावाच्या, सुधाकरच्या, खांद्यावर होती. तिनं मला हात हलवला आणि लगेच त्याच्या कानात काहीतरी सांगून हसली. काय सांगितलं असेल, हाच विचार करत मी हैदराबादला पोचलो.

तिथं नव्या इमारतींत फरशी बसवायचं काम मिळालं. बायको, वनिता, सुधाकरच्या मोबाइलवरून फोन करायची. एका पावसाळ्यात फोन येणंच थांबलं. मी लावला तर स्विच ऑफ. धानाच्या रोवण्याचे दिवस, सगळे शेतात, बांधीत असतील, अशी आधी मनाची समजूत घातली. मग जेवण जाईना. खोलीतला, आमच्याच भागातल्या नाकाडोंगरी गावचा सोबती रोज बायकोशी बोलत हसायचा. त्याचा फोन फेकून द्यावासा वाटे.

शेवटी सुपरवायझरशी भांडून गाडीत बसलो. घरी आलो तर प्रज्ञा खाटेवर, हातावर सुयांचे डाग. सुधाकर तिला पेज भरवत होता. मधल्या दिवसांत तापानं तिची शुद्ध हरपली होती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यानंच नेलं, तोच उशाशी बसून राहिला. मोबाइल वनितानं मुद्दाम बंद ठेवला होता.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून तुमी तिथं काय केलं असतं? भाऊजी होते ना इथं."

भावाचे उपकार मानायला हवे होते. मी जळत होतो. लेकीसाठी घाबरायचं माझं कामही त्यानंच उरकलं होतं. मी वाटी मागून घेतली. प्रज्ञानं तोंड फिरवलं, काकाच पाहिजे म्हणाली. सुधाकर उगाच बैलांकडे निघून गेला. पोर उपाशी राहील म्हणून मीच त्याला हाक मारली.

दिवाळीनंतर दोघींना हैदराबादला आणलं. प्रज्ञा तेलुगू शिकली. सुट्टीत करडीला गेली की ती अजून आधी काकाला शोधते, आणि मला अजून टोचतं.

मागल्या वर्षी ती नागपूरला कॉलेजात गेली. एका दुपारी साइटवर तिचा फोन आला.

"बाबा, मी नापास झाली. काकाले नाही सांगितलं अजून. पह्यले तुमालेच सांगून राहिली."

मला रागावता आलं नाही.

घर कुठलं म्हणून लोक विचारतात, तेव्हा तुम्हा गाव सोडलेल्यांसारखाच मीही अडखळायचो. आता वाटतं, वाईट बातमी जिथं आधी आपल्याला सांगतात, तेवढं घर पुरे.

सुधाकरलाही मी कळवलं. पण संध्याकाळी.