बीएस्सीच्या पुढचा शब्द

आमच्या नात्यात माझं शिक्षण सगळे अर्धंच सांगत. "पोरगी काय करते?" असं कोणी विचारलं की मामा म्हणत, "हैद्राबादले बीएस्सी करून राह्यली," आणि तिथेच थांबत. पुढचा शब्द होता नर्सिंग. तो घरात कोणी उच्चारत नसे. चुकून माझ्या तोंडून निघाला तर मामी आधी दाराकडे बघून घेत.

मामा उटनूरला सरकारी शाळेत मास्तर होते. आमच्या साऱ्या गोतावळ्यात महिन्याच्या पगाराची नोकरी करणारे ते पहिले. माझे बाबा इंद्रवेल्लीकडच्या एका खेड्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. गावातली शाळा पाचवीपर्यंतच होती, म्हणून मामांनी मला आपल्या घरी आणलं. तेलगू माध्यमाच्या वर्गात मला सुरुवातीला काहीच कळत नसे. मामा रोज संध्याकाळी धडा आधी मराठीत समजावत आणि मग तेलगूत वाचून घेत. ते घर नसतं तर मी इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, पोचले नसते. हे आधीच सांगते, कारण पुढच्या हकिकतीत मामा कठोर दिसतील.

त्यांना मला डॉक्टर करायचं होतं. तिथे नंबर लागला नाही, नर्सिंगला लागला. मग त्या अभ्यासक्रमाच्या नावात बीएस्सी ही अक्षरं आहेत म्हटल्यावर त्यांनी तेवढ्यावर मन घट्ट केलं. "आता हे धर, अन पुढल्या साली पुन्हा डाक्टरकीची परीक्षा दे," म्हणाले. मी ती दिली नाही. वॉर्डात जायला लागल्यावर मला दुसरं काही व्हावंसंच वाटेना. ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्यांदा खाटेवरून उठवून उभं करायचं असतं. तो घाबरलेला असतो, आपला खांदा घट्ट धरतो. दाराशी जाऊन परत आला की स्वतःशीच हसतो. ते मला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त आवडू लागलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या संक्रांतीच्या सुट्टीत मी उटनूरला आले, तेव्हा आई-बाबाही आलेले दिसले. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा आदिलाबादला एका ऑफिसात क्लार्क होता.

सकाळी माझे केस विंचरताना मामी म्हणाल्या, "आज तोंड जरा आवरजो बाई."

"काऊन?"

"तुह्या मामानं बीएस्सी सांगतलं हाये. तेवढंच राहू दे. साक्षगंध होऊन सोयरीक पक्की होऊ दे एकदा, मंग सांगू सारं."

"अन तेव्हा ते नाई म्हणले तर?"

मामींनी वेणी जरा जोरातच ओढली. "तुहे मामा पाहून घेतील."

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याची आई आणि मोठा भाऊ. मामांनी त्यांना खुर्च्या दिल्या. बाबा नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून खाली बसले. मामांच्या घरी ते कधी खुर्चीवर बसत नसत आणि मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की मामांकडे बोट दाखवत. मी चहा आणि शेजारच्या तेलगू बाईंनी सणाला दिलेले सकिनालू घेऊन गेले. तांदळाच्या पिठाची ती चकली पाहुण्यांना आवडली. मुलाच्या आईने मला जवळ बसवलं, हात हातात घेतला. बाई प्रेमळ होत्या, आणि त्यामुळे मला अधिकच अवघडल्यासारखं झालं.

मोठा भाऊ हायस्कुलात सायन्स शिकवायचा. त्याने विचारलं, "ग्रुप कोणता? बीझेडसी का एमपीसी?"

तेव्हाच्या आंध्रात बीएस्सीचे विषय अशा अक्षरांनीच ओळखले जात. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "बीझेडसी."

"वा! म्हणजे बॉटनी, झूऑलॉजी. आमच्याच लाइनीतली हाये मंग पोरगी."

मी खाली बघितलं. एवढ्यावर निभावलं असतं तर मी कदाचित गप्प राहिले असते. मामांचा शब्द त्यांच्याच घरात खोटा पाडायचा, हे मला जमण्यातलं नव्हतं. पण मुलाच्या आई पुढे बोलू लागल्या.

"तिसरं साल म्हणजे शेवटचंच न? मार्चात परीक्षा झाली का मोकळी. मे मधी लग्न उरकून टाकू. मंग बीएड कर म्हणा आमच्या घरून, मास्तरीण होईन."

"मोकळीच," मामा म्हणाले.

साधं बीएस्सी तीन वर्षांचं असतं. माझं चार वर्षांचं होतं. मामांच्या त्या एका शब्दात माझं चौथं वर्ष गेलं होतं. त्या वर्षात आम्हाला लेबर रूममध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत, पाठवणार होते, आणि मी पहिल्या वर्षापासून त्याची वाट बघत होते. वर्ष सोडलं तर ना मी बीझेडसी, ना नर्स. माझ्या हातात काहीच राहणार नव्हतं. मी मामांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"माझं एक वर्ष राहते," मी म्हणाले.

मुलाच्या आईने माझा हात सोडला नाही. "काऊन वो? नापास झाली का?"

"नाही. माझं बीएस्सी नर्सिंगचं आहे. ते चार वर्षांचं असते."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मोठा भाऊ मामांना म्हणाला, "मास्तर, तुमी त बीझेडसी म्हणले."

मामांनी सकिनालूची ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"नर्स म्हणजे," बाईंनी आता हात सोडला होता, "राती-बेराती ड्युटी? परक्या माणसाइचं सारं करा लागते न?"

"हो. करावं लागतं."

"चाला, घरच्या घरी सुया टोचाची सोय होईन," मोठा भाऊ हसून म्हणाला. मुलगा हसला नाही, पण बोललाही नाही. चहा त्यांनी पूर्ण प्यायला. निघताना बाईंनी आईला "कळवतो" म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना समजला.

मामांनी त्यांना रस्त्यापर्यंत सोडलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू होता. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तुले मालूम हाये, तुही आजी काय करे?"

"शेतात जायची."

"हे तुले आमी सांगतलं. माही माय गावातल्या मोठ्या घरी बाळंतपण झालं का घाण धुवाले जाये. बोलावणं आलं का हातचं टाकून जा लागे. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. सारं तिच्या हातानं साफ करून घेत, अन मंग तिलेच दूर बसवत. भाकर वरून टाकत. मी लहान होतो, संगं जाओ. मी पाह्यलं हाये." त्यांनी चष्मा काढला. "त्या कामातून सुटाले मी पुस्तक धरलं. अन तू पुस्तक धरून तिकडंच चालली? डिग्री घेऊन?"

मामांना लोकांची लाज वाटते एवढंच मी तोवर समजत होते. मी लेबर रूमची वाट बघते आहे, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"उद्या कॉलेजले कळवून टाकू," ते म्हणाले. "आता पुरे झालं. बीएडचं मी पाहतो."

तेव्हा भिंतीशी बसलेले बाबा बोलले. "पोरी, तिथं तुले काय म्हणून बोलावतेत?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. बाबांना त्यांचा मालक "का बे" म्हणून हाक मारायचा. मालकाचा लहान मुलगाही तसंच म्हणायचा.

"सिस्टर म्हणतात, बाबा. तेलगू पेशंट सिस्टरम्मा म्हणतात."

"अन डाक्टर?"

"तेही सिस्टरच."

बाबांनी विचारलं, "तू आत कोन्या दारानं जाते?"

"एकच दार आहे, बाबा. समोरचं. सगळे त्यातूनच जातात."

"डाक्टरबी?"

"हो."

बाबा भिंतीला हात लावून उठले. "मंग मास्तर, जाऊ द्या तिले."

"जावई, तुमाले हे कळत नाई."

"नाई कळत," बाबा म्हणाले. "तुमी सांगतलं तसं मी आजवर केलं. तुमी नसते त हे पोरगी माह्यासंगं कापूस वेचत असती, हे मले मालूम हाये. पण पोरगी माही हाये. उद्याच्या गाडीनं मी तिले नेऊन घालतो."

मामांपुढे बाबांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती आपल्या भावाकडे बघत होती. मामांनी एकदा बाबांकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, चष्मा घातला आणि बाहेर निघून गेले. जेवायला आले ते सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा मामा घरात नव्हते.

"कुठं गेले?" बाबांनी विचारलं.

"शाळेत," मामी म्हणाल्या.

शाळेला संक्रांतीची सुट्टी होती. बाबा माझी पेटी खांद्यावर घेऊन पुढे झाले. मी मामींच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं आणि पाय तिथेच ठेवून म्हणाल्या, "त्याइच्या वाटचंबी पडून घे. मी सांगतो त्याईले."

मी पुन्हा वाकले.