डोंगराकडे पाठ करून बांधलेली खोली

शीतल गेल्याचं त्याच्या घरून वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी "बरं" म्हणालो. बरं! अख्ख्या आयुष्याच्या दोस्तीला माझ्याकडून निघालेला शब्द हा. दीड महिना झाला, तो अजून मलाच ऐकू येतोय...

शीतल आर्किटेक्ट आणि मी त्याच्या इमारती उभ्या राहतील की नाही हे सांगणारा इंजिनिअर. नाव शीतल, पण डोकं कायम तापलेलं. चंदगडच्या डोंगरात एका ट्रस्टला ध्यानकेंद्र बांधायचं होतं. जागा अशी, की समोर अख्खी दरी उघडी आणि पलीकडे डोंगर. शीतलनं ट्रस्टच्या अध्यक्षांना तिथं घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गप्प राहिला. थोड्या वेळानं अध्यक्षांनी खिशातून मोबाइल काढला.

"बघितलंस? त्यांचा डोंगर संपला," शीतल माझ्या कानाशी म्हणाला. "ध्यानाच्या खोलीला दरीकडनं भिंतच पायजे."

"लेका, एवढी दरी सोडून भिंत बघाय कोण येतंय?"

"नको येऊ दे की. डोंगर काय पळून जातोय व्हय?"

शेवटी त्याचंच खरं झालं. त्यानं जमीन सपाट करू दिली नाही. उतार जसा, तशा खोल्या खाली उतरत गेल्या. ध्यानाच्या खोलीला दरीकडून जांभ्या दगडाची जाड भिंत, खिडकी नाही. बसणं झालं की अरुंद बोळातून चालत यायचं, आणि वळणावर एकदम डोंगर.

मग आजारानं त्याला खाटेला बांधलं. दवाखान्यात खाटेसमोर कोरी भिंत होती. मी थट्टेनं म्हणालो, "तुझ्या मनासारखी खोली मिळाली की रे." तो हसला नाही. "खाट फिरीव," म्हणाला, "खिडकीकडं. जोतिबाचा डोंगर दिसतोय काय बघू." नर्सबाईंना विनवून खाट फिरवली. ढगांमुळे काहीच दिसत नव्हतं, तरी तो तिकडेच बघत राहिला... मला राग आला. लोकांना भिंतीसमोर बसवणारा हा, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा खिडकी! मग ते सगळं खोटं होतं काय? विचारायचा धीर झाला नाही, आणि ती भेट शेवटची ठरली.

आता ट्रस्टला ती भिंत फोडून मोठी काच बसवायचीय. "लोक डोंगर बघायला येत्यात ओ. शीतलसाहेब असते तर हा विषयच काढला नसता," अध्यक्ष म्हणाले. भिंत फोडली तरी इमारतीला धोका नाही, यावर त्यांना माझी सही हवी होती. मी जवळजवळ तयारही झालो होतो. त्यानंच शेवटी खिडकी मागितली, तर मी कुणासाठी अडून बसू?

सही करण्याआधी एकदा बघून यावं म्हणून गेल्या महिन्यात चंदगडला गेलो. खोलीत एकटाच बसलो. बाहेरून भिंतीवर पावसाची झोड, आत ओल्या जांभ्याचा वास. मी मोठ्यानं रडलो. मग गुडघे धरत उठलो, बोळातून चालत बाहेर आलो, आणि ढगांच्या फटीतून डोंगर समोर आला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ती भिंत उठून बाहेर जाऊ शकणाऱ्या माणसासाठी होती. शीतलला उठता येत नव्हतं, एवढंच.

सही करणार नाही, असं मी कळवलंय. त्यांना दुसरा इंजिनिअर मिळेल, हेही मला माहीत आहे. भिंत आहे तोवर अधूनमधून जाऊन बसतो. बाहेर निघताना मात्र पाय जड होतात... आत तो असतो, आणि बाहेर नुसताच डोंगर.