तक्त्यात बसलेला माणूस

चार डॉक्टर जमले की आजारांच्या गोष्टी निघतात. माझी पाळी आली की मी धडधाकट माणसांच्याच गोष्टी सांगतो. काय करणार, माझ्याकडे त्याच साठल्यात!

त्याचं असं झालं, एकोणीसशे पन्नासच्या पुढे मी अंधेरीला डॉ. सामंतांच्या दवाखान्यात असिस्टंट होतो. सामंत एका विमा कंपनीसाठी तपासणीही करायचे. नाना नावाचा एजंट पॉलिसीवाल्यांना पकडून आणायचा आणि सामंत त्यांना भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे करायचे. डावीकडे उंची, उजवीकडे त्या उंचीला शोभेल असं वजन, पौंडात. त्यात न बसणाऱ्याची पॉलिसी अडायची. तक्ता विलायती होता आणि सामंतांचा त्याच्यावर आईवडिलांपेक्षा जास्त विश्वास होता.

*

त्या तक्त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं, की उंची बूट घालून मोजावी. आमच्याकडे येणारे निम्मे लोक चपलांत आणि उरलेले अनवाणी. पण नियम म्हणजे नियम. सामंतांनी आपले जुने काळे बूट घरून आणले आणि मोजपट्टीपाशी ठेवले. जो येईल त्याने ते पायात घालायचे, ताठ उभं राहायचं, मग उंची.

एकदा वेसाव्याचा एक कोळी आला. होडीवर उभं राहून फताडे झालेले पाय ते! बुटात अंगठासुद्धा शिरेना. दोघातिघांनी जोर लावून पाहिला. शेवटी त्याने बूट काढले, एकावर एक नीट डोक्यावर धरले आणि पट्टीला पाठ लावून उभा राहिला.

सामंतांनी विचारलं, हे काय?

तो म्हणाला, "बूट धरूनच मोजायचंय ना? मग खालून धरा की वरून."

*

वागळे नवराबायको जोडीने आले होते. नवरा तक्त्याप्रमाणे तीस पौंड कमी, बायको तीस पौंड जास्त. सामंतांनी दोघांनाही समोर बसवून गंभीरपणे ते सांगितलं. वागळ्यांचा चेहरा पडला. बाई मात्र शांत होत्या.

"अहो डॉक्टर, आमच्याकडे शिजतं एकाच पातेल्यात," त्या म्हणाल्या. "दोघांचं मिळून धरा ना."

मला वाटलं, सामंत आता चिडणार. पण त्यांनी खरंच पेन्सिल घेतली, दोघांची वजनं मिळवली, तक्त्यातली दोघांची वजनं मिळवली आणि दोन्ही बेरजा ताडून पाहिल्या.

मग म्हणाले, "तक्त्याप्रमाणे तुमचा संसार निरोगी आहे."

वागळ्यांनी भीत भीत विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही त्यातच आलात."

*

पेठे मास्तर पाच पौंडांनी कमी भरत होते. मुलीच्या जन्मानंतर त्यांनी पॉलिसीचं मनावर घेतलं होतं, त्यामुळे ते फार हळवे झाले होते. नानाने त्यांना धीर दिला आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावर उभं करून दोन मोठे तांबे पाणी पाजलं. मास्तर पावलं मोजत आत आले. चालताना पोटातलं पाणी ऐकू येत होतं.

पण त्या दिवशी सामंतांनी तपासणीचा क्रम बदलला. वजन शेवटी, आधी लघवीची बाटली. मास्तर बाटली घेऊन मागे गेले ते येईनात. मी दारावर टकटक केली तर आतून केविलवाणा आवाज आला, "बाटली केव्हाच भरली हो, पण मला थांबता येत नाहीये."

वजन पुन्हा जिथल्या तिथे. नाना डोकं धरून बाकावर बसला होता.

*

पुढे आमचा काटाच मोडला. दुरुस्त होऊन येईपर्यंत काय करायचं? नाना म्हणाला, पलीकडे कोळशाची वखार आहे, तिथे मोजू. सामंतांना ते पटलं नाही, पण माणसं खोळंबली होती.

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं, की अंधेरीतले सगळे सडपातळ लोक एकदम भरायला लागलेत. पेठे मास्तर वखारीत उभे राहिले आणि थेट तक्त्यात बसले! घरी जाऊन त्यांनी पेढे वाटले. वखारवाला कोळसा विकायचा, तेव्हा त्याचा काटा काय दाखवणार ते उघड होतं. मी नानाला हटकलं, की अरे, आता जाड्या लोकांचं काय करशील? त्यांची तर वाट लागली.

नाना म्हणाला, "त्यांना रद्दीवाल्याकडे नेतो ना. तो विकत घेतो."

*

आणि मरोळचा पास्कू. भात आणि भाजीपाला करणारा माणूस, चाळिशीचा, मितभाषी. आमचा काटा तोवर दुरुस्त झाला होता. सामंतांनी उंची मोजली, वजन केलं, तक्ता पाहिला. मग पुन्हा वजन केलं. पौंडाला पौंड बरोबर! इतक्या वर्षांत असा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी मला आत बोलावलं, पास्कूचं मनगट हातात घेऊन मला दाखवलं, त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. निघताना फीसुद्धा घेतली नाही. दारापर्यंत पोचवायला गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पास्कू, तुझ्यासारखा माणूस पुन्हा बघायला मिळेल की नाही, सांगता येत नाही."

दोन-तीन दिवसांनी नाना धापा टाकत आला. पास्कूला काय झालंय, विचारू लागला. घरी फादर येऊन शेवटची प्रार्थनाही करून गेले होते म्हणे.

आम्ही घोडागाडी करून मरोळला गेलो. अंगणात ही गर्दी! पास्कू खाटेवर पडून होता. त्याची बायको मोनी उशाशी बसली होती आणि वसईहून आलेली बहीण रडत होती. सामंतांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, की याला काहीही झालेलं नाही, हा ठणठणीत आहे. ते जितकं जोर देऊन सांगत होते, तितकी बहीण जास्त रडत होती. डॉक्टर घरी येऊन असं सांगतात म्हणजे काय ते तिला कळलं होतं. पास्कूने एवढंच विचारलं, "मग फी का नाही घेतली?"

मोनीने आम्हाला जेवून जायला लावलं. नातेवाईक रोज कोंबडी आणि मैद्याचे तळलेले फुगे घेऊन येत होते आणि पास्कूला, आता याला नाही कशाला म्हणा, असं म्हणत भरवत होते.

काही आठवड्यांनी मोनीच त्याला धरून दवाखान्यात घेऊन आली. पास्कू काट्यावर चढला. सामंतांनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नऊ पौंड जास्त आहे," ते तुटकपणे म्हणाले. "हे चालणार नाही. भात कमी कर. आणि फी बाहेर दे."

मोनीने छातीवर क्रूस काढला आणि पास्कूच्या पाठीवर हात ठेवला.

"बघ," ती म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, तू बरा होशील."