मागाच्या खड्ड्यातली माती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगायला बसलो की भलतंच बोलत सुटतो. आताही तसंच होईल, बघा.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. उमरेडकडे कोळशावर वीज करणारा मोठा प्लांट येणार होता, परदेशी कंपनीच्या पैशाचा. त्यांचं ऑफिस नागपुरात, रामदासपेठेत. मी तिथे साधा टायपिस्ट. पण घरी उमरेडला गेलो की माझा रुबाब काय विचारता! आमच्या विणकरांच्या गल्लीत लोक खाटेवर सरकून जागा द्यायचे. दादाला प्लांटात चिकटवतो, असं मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

दादा, माझा थोरला भाऊ, मागावर लुगडी विणायचा. खड्ड्यात पाय सोडून, बापासारखाच. माझ्या शब्दावर त्यानं शेठकडून सूत घेणं बंद केलं, मागाला गिऱ्हाईक पाहिलं. आणि आमच्या घरी मागाचा रिकामा खड्डा ठेवत नाहीत — चार लोक बोलवायचे, हळदकुंकू वाहायचं, मातीनं बुजवायचा. एकदा बुजवला की त्या जागी पुन्हा माग बसत नाही. रविवारी बुजवायचं ठरलं.

शनिवारी ऑफिसात काय झालं — सांगू? परदेशी कंपनीनं हात काढून घेतला. प्लांट रद्द. साहेबांनी दार लावून आम्हाला सांगितलं आणि टेबलं आवरायला लावली.

मी उमरेडची बस धरली. वाटभर ठरवत होतो, पोचल्यापोचल्या सांगायचं. खड्ड्यावरून उतरवलेला माग अजून ओसरीवरच होता, न्यायला माणूस सोमवारी येणार होता. एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोललो? भ्यालो? नाही हो, भ्यालो असतो तर बरं होतं. रविवारी सगळी गल्ली जमली आणि दादानं माझ्या हातात घमेलं दिलं. म्हणाला, "पहिली माती तूच टाक गा. तुह्याच भरवशावर बुजवून राहिलो."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते — आणि मला ते आवडत होतं. इतकंच. एवढा हलकट मी. टाकली माती.

पुढं प्लांट गेल्याचं गावात कळलं, तेव्हा मीही सगळ्यांसारखा कपाळाला हात लावला. शेठनं सूत दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. तो कशाला थांबतो? दादा कोळशाच्या ट्रकांवर हमालीला लागला. काही वर्षांनी खोकला जडला, त्यातच तो गेला. फार दुःख होतं हो, अजून होतं.

तो होता तेव्हा एकदा जेवताना वहिनीचा तोल सुटला. तुमच्या प्लांटापायी घर बुडालं, म्हणाली मला. दादानं हातातला घास खाली ठेवला.

"काहून बोलून राहिली वं त्याले? त्याले का मालूम होतं?"

मी जेवत राहिलो. थोड्या वेळानं, भाजी छान झाली, असंही म्हणालो.